काजूच्या पोत्याचं गणित: शाळेत नेमकं काय शिकवलं तर पोरांना काम मिळेल?

काजूवाली, वेंगुर्ले तालुका

नमस्कार. लांबड होणार आहे, सवडीने वाचा.

आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. सोळा बायका, दोन पुरुष, मी आणि नवरा. सासऱ्यांच्या वेळी भट्टीवर बी भाजायचे, आम्ही बॉयलर आणला, मग ड्रायर आणि पीलिंग मशीन. धाकटी मुलगी गावच्याच हायस्कूलात आठवीत आहे, म्हणून गेल्या वर्षी मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. समितीवर म्हणजे सही करायला. पण मागच्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस आहेत. कार्यानुभवाच्या तासिका तर आहेतच. नुसत्या कागदावर भरण्यापेक्षा काहीतरी करूया. वहिनी, तुम्ही धंद्यातल्या, तुम्हीच सुचवा."

मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा.

हे डोक्यात का बसलं ते सांगते. एप्रिलमध्ये बीची आवक जोरात असते. काट्यावर उभं राहून वजन घेणं, ओलावा बघणं, पावती लिहिणं, रोजचा हिशेब, एवढ्यासाठी एक पोरगा हवा होता. शेजारच्या वाडीतला एक आला. बी.कॉम. झालेला, दोन वर्षं घरी. स्वभावाने चांगला, उद्धट नाही, काही नाही. त्याला समोर बसवून सहज विचारलं, "ऐंशी किलोचं पोतं आहे. बी दीडशे रुपये किलोने घेतली. गराचा उतारा सव्वीस टक्के. तर एक किलो गर आपल्याला कितीला पडला? मजुरी, वीज सोडून दे, नुसत्या बीचे पैसे."

त्याने मोबाइल काढला. दीडशेचे सव्वीस टक्के एकोणचाळीस. दीडशेत एकोणचाळीस मिळवले आणि म्हणाला, "एकशे एकोणनव्वद."

आता बघा. पोतं बारा हजाराचं. ऐंशीचे सव्वीस टक्के म्हणजे वीस किलो आठशे ग्रॅम गर. बारा हजार भागिले वीस पॉइंट आठ. पाचशे सत्त्याहत्तर रुपये. तो एकशे एकोणनव्वद म्हणाला! त्याच्या भावाने मी माल विकला असता तर गणपतीपर्यंत कारखान्याला कुलूप.

मी रागावले नाही. विचारलं, दहावीला गणितात किती होते? चौऱ्याऐंशी. मला खोटं वाटलं नाही. घरी येऊन मोठ्या मुलाचं दहावीचं बीजगणिताचं पुस्तक काढलं. त्यात 'अर्थनियोजन' नावाचं अख्खं प्रकरण आहे. जीएसटी, कर बीजक, शेअर, दलाली, सगळं. म्हणजे अभ्यासक्रमात नाही असं म्हणायची सोय नाही! त्या पोराने जीएसटीची गणितं सोडवली होती, मार्क मिळवले होते, पण खरं बिल हातात धरलेलं नव्हतं आणि टक्के कशाचे काढायचे हे कधी स्वतःला विचारावं लागलं नव्हतं. पुस्तकात ते आधीच लिहिलेलं असतं ना.

आपलं कोकण मंडळ दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिलं. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के, आपला ९८.८२. पेपरात फोटो, पेढे. आणि जूनमध्ये तीच पोरं नाक्यावर, नाहीतर मुंबईच्या गाडीत. देशाचे आकडेही तेच सांगतात. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत एकूण बेरोजगारी ३.२ टक्के, पण १५ ते २९ वयाच्या पोरांत १०.२. म्हणजे तिप्पट.

तर प्रश्न असा: शाळेत काय शिकवावं, की पोरगा सोळा-सतराव्या वर्षी कुठेतरी उपयोगी पडेल आणि त्याला स्वतःलाही तसं वाटेल? माझ्या डोक्यात साधं होतं. काजू आपल्याकडचा, कारखाने आपल्याकडचे, तर मुलांना काजू प्रक्रियाच शिकवावी. बी उकडणं, कटिंग, सोलणं, ग्रेडिंग. कुणी असं केलंय का? आठवड्याचे दोन तास पुरतात का? शिकवायला कोण येतं? मार्कांचं काय? ज्यांनी खरंच करून पाहिलंय त्यांनी लिहा. "शिक्षणव्यवस्थाच सडलीय" असं लिहायला येणार असाल तर चहा घेऊन परत जा.

---

निवृत्त मास्तर, गुहागर

ताई, चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली अकरा कार्यानुभव माझ्या गळ्यात होता. गळ्यात म्हणतो, कारण ज्याचा तास कमी भरतो त्याला तो विषय देतात.

आमच्या शाळेत वस्तू ठरलेली होती: माडाच्या हिरांची केरसुणी. मुलांनी करून आणायची, मी श्रेणी द्यायची. एका घरातली तीन भावंडं ओळीने माझ्या हाताखालून गेली. तिसऱ्याने केरसुणी आणली तेव्हा मुठीला बांधलेली निळी सुतळी ओळखीची वाटली. तीच केरसुणी! तीन वर्षं माळ्यावर ठेवलेली. आईने बांधलेली. तिन्ही वेळा मी 'अ' श्रेणी दिली होती, आईलाच म्हणा ना.

तुम्ही विचारलंत कुणी केलंय का. कल्पना जुनीच आहे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली, हस्तोद्योगातूनच सगळे विषय शिकवायचे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शब्द आणला. कागदावर सगळं आलं आणि शाळेत पोचेपर्यंत केरसुणी झाली.

खरोखर चाललेलं एक काम मी पाहिलंय, पुणे जिल्ह्यात पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथला शाळांसाठीचा कार्यक्रम असा: आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताचं काम. चार विभाग, आलटून पालटून. अभियांत्रिकी म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम. ऊर्जा आणि पर्यावरण. शेती आणि पशुपालन. गृह आणि आरोग्य. राज्य मंडळाचीही त्याला मान्यता आहे. मला आवडलं ते हे, की मुलं गावासाठी खरी कामं घेतात. कुणाची खुर्ची वेल्ड करायची, कुणाचं वायरिंग. त्याचा खर्च काढायचा, बिल करायचं. तुमचं एकशे एकोणनव्वद तिथे घडत नाही, कारण बिल चुकलं तर गिऱ्हाईक दारात येतं.

म्हणून सल्ला एक: एकच धंदा शिकवू नका. आणि यात दुसरी मेख आहे, ती नाजूक आहे पण बोलतो. मी एकदा शाळेत भाजीचे वाफे केले, शेणखत मुलांनीच कालवलं. चौथ्या दिवशी पालक आले. "गुरुजी, शेण कालवायला आम्ही पोराला शाळेत घातला नाही. ते आमच्या आज्याने केलं, बापाने केलं." मी आधी चिडलो. रात्री झोप लागेना, मग कळलं की त्यांचं चूक नव्हतं. वाफ्यात कोण आणि कॉम्प्युटरवर कोण, हे कुठल्या घरातून मूल आलंय त्यावरून ठरतं की काय, ही भीती खरी आहे. मद्रासमध्ये १९५३ साली तिथले मुख्यमंत्री राजाजी यांनी शाळेचे तास कमी करून उरलेला वेळ मुलांनी घरच्या धंद्याचं शिकावं अशी योजना आणली होती. लोकांनी तिला कुलधंद्याचं शिक्षण म्हणून नाव ठेवलं आणि १९५४ मध्ये ती गुंडाळावी लागली. तेव्हा काजू सोलणाऱ्या बाईच्या मुलीला शाळेतही काजूच सोलायला लावू नका. डॉक्टरच्या मुलासकट सगळ्यांना लावणार असाल तर गोष्ट वेगळी.

---

दर्याकाठचो, मालवण

ताई, माका शुद्ध मराठी लिवक जमना नाय, मालवणीतच सांगतंय.

आमचो ट्रॉलर आसा. बोटीर आठ खलाशी, त्यातले पाच नेपाळचे. आमच्या गावातलो एकच, तो पण माझो चुलत भाव. १ जून ते ३१ जुलै बंदी. त्या दोन म्हयन्यांत इंजिन खोलूचा, पंखो बघूचो, जाळी शिवची. त्याच येळाक मेकॅनिक गावना नाय. एकच माणूस सगळ्या बंदरात फिरता, त्याच्या मागे आम्ही लग्नाच्या भटजीच्या मागे फिरतंत तशे फिरतंव.

शाळेच्या मागे धा पावलार समुद्र, आणि मास्तर फळ्यार माशाचो कल्लो काढून दाखवी. सुरमय कापून दाखवली आसती तर दोन मिनिटांत समाजला आसता. डिझेलचो फिल्टर कसो बदलूचो, जीपीएसात जागा कशी भरूची, बर्फ किती लागता, ह्या कोणी सांगूक नाय.

पण मुद्दो येगळोच आसा. बापूस म्हणता, "दर्यार जाशीत तर लगीन होवचा नाय." आणि ता खरा आसा. बँकेत शिपाय आसलो तरी चेडू देतत, बोट आसलेल्याक देणत नाय. ह्याचा काय करतल्यात अभ्यासक्रमात?

---

कलमांचा राखणदार, रत्नागिरी

मालवणच्या दादांना अनुमोदन. आमच्या हापूसच्या बागेत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी. झेल्याने आंबा काढताना देठ किती ठेवायचा हे तो मला शिकवतो आता. नारळ पाडायला पाडेली मिळत नाही. मिळाला तर वय साठ. नारळ विकास मंडळ यंत्राने माडावर चढायचं सहा दिवसांचं प्रशिक्षण देतं, माहीत असलेला एक पोरगा दाखवा. बाकी मला शिक्षणातलं कळत नाही.

---

माजी ट्रेनर, चिपळूण

मी आतल्या गोटातला, म्हणून जरा सविस्तर.

समग्र शिक्षा योजनेतून काही माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय मिळतो. ऑटोमोटिव्ह, मल्टी स्किल, आयटी, ब्युटी, टुरिझम, शेती असे. मी अडीच वर्षं एका शाळेत ऑटोमोटिव्हचा ट्रेनर होतो. शाळा सांगत नाही, एजन्सीही सांगत नाही. नेमणूक एजन्सीमार्फत, पगार एजन्सीमार्फत, आणि पगार पाच-पाच महिने यायचाच नाही. मुलं मला "सर" म्हणायची, स्टाफरूममध्ये मात्र मला खुर्ची नव्हती. मी खिडकीत बसायचो.

पहिल्या वर्षी साहित्य आलं. त्यात एक कापलेलं इंजिन होतं, म्हणजे आतलं दिसावं म्हणून मधून छेद दिलेलं. रंग दिलेला, सुंदर. क्लार्कने ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "डेडस्टॉकला नोंद आहे, काही मोडलं तर माझ्या पगारातून जाईल." मुलांनी दोन महिने ते काचेतून बघितलं, बाप्पाचं दर्शन घ्यावं तसं. आणि त्या क्लार्कचंही काही चूक नव्हतं हो, वसुली त्याच्याकडूनच झाली असती.

मग शिपाईमामांची जुनी स्प्लेंडर. चढावर मरायची. मामा म्हणाले, "बंदच आहे, अजून काय बिघडणार?" नववीच्या नऊ मुलांनी आणि दोन मुलींनी कार्बोरेटर खोलला. एका मुलीने जेट हातात घेऊन उजेडाकडे धरला, आणि म्हणाली, "सर, हे भोक केवढंसं आहे, आणि एवढी गाडी ह्याच्यावर?" कचरा निघाला, फुंकला, पेट्रोलने धुतला, परत बसवला. वायसर उलटा बसवला म्हणून पुन्हा खोलला. तिसऱ्या किकला गाडी लागली. त्या दिवशी वर्गात जे झालं ते मला अडीच वर्षांत पुन्हा करता आलं नाही.

आता जे शिकलो ते सांगतो.

ताई, तुमच्या दोन तासांपैकी पहिली वीस मिनिटं सामान काढण्यात आणि शेवटची वीस हात धुण्यात जातात. म्हणून सलग दोन तास मागा, तेही दिवसाचे शेवटचे. मधल्या सुट्टीआधी घेतलेत तर गणिताचे सर दारात उभे.

परीक्षा. जे मार्कात धरत नाहीत ते पालक धरत नाहीत. आणि मार्कात धरलं की मुलं पाठ करतात. माझ्या पोरांनी 'स्पॅनरचे प्रकार' पाठ केले होते, स्पॅनर न धरता. ह्याचं औषध मला सापडलं नाही. वही ठेवायला लावा, ज्यात फक्त आकडे असतील: काय मोजलं, किती आलं, किती चुकलं. ती वही खोटी लिहायला कंटाळा येतो.

सगळ्यात लागलेली गोष्ट. माझी चार पोरं पुढे आयटीआयला गेली. तिथे पहिल्या दिवसापासून पुन्हा 'हे स्क्रू ड्रायव्हर आहे'. दोन वर्षं जे केलं त्याचा कुठेच हिशेब नाही. राहिलेल्यांनी अकरावी सायन्स घेतलं, कारण टक्के चांगले होते. कोकणात टक्के चांगलेच असतात! वर ताईंनी लिहिलंच आहे.

शिकवायला कोण, तर एजन्सीच्या फंदात पडू नका. राष्ट्रीय धोरणातच स्थानिक कारागिरांना शाळेत बोलवायची मुभा आहे. गावातला गवंडी, वायरमन, पाडेली ह्यांना तासाचे पैसे द्या. शाल-श्रीफळ नको, पैसे द्या. आणि बसायला खुर्ची.

---

वेर्णा शिफ्ट, मूळ गाव दोडामार्ग

सगळं वाचलं. कडू बोलतो, ताई, राग मानू नका.

मी आयटीआय फिटर, २०१९ चा. गोव्यात वेर्ण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तुम्ही ज्या पोरांबद्दल बोलताय त्यातलाच मी. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत आहे की काम आहे, पोरांना येत नाही. मला काम येत होतं. आयटीआय झाल्यावर आठ महिने आपल्याच जिल्ह्यात एका युनिटला होतो, नाव नको. बारा तास, दहा हजार, पीएफ नाही, सुट्टी मागितली तर "घरचंच समज ना". घरचंच समजून निघून आलो. इथे शिफ्ट आठ तासांची, कँटीन आहे, बस आहे, पगार जवळजवळ दुप्पट. म्हणजे अभ्यासक्रमाने मला घडवला आणि पगाराने घालवला.

तेव्हा आधी हे सांगा, तो बी.कॉम. पोरगा गणित बरोबर सोडवता तर त्याला किती देणार होता? आणि तुमच्या सोळा बायका रोजावर आहेत की किलोवर? शाळेत काजू सोलायला शिकवून तुम्ही सोळाच्या बत्तीस कराल. किलोचा दर आणखी खाली येईल. ह्याला रोजगार म्हणत नाहीत.

दुसरं. तुमचं पीलिंग मशीन बिघडलं की कोण येतं? माझी पैज आहे, बाहेरून कुणीतरी येतो आणि तोवर बंद. तो माणूस दिवसाला किती घेतो ते सोळा बायकांच्या शेजारी लिहून बघा. शिकवायचं असेल तर त्याचं काम शिकवा. कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह, बेल्ट ताणणं, बेअरिंगचा आवाज ओळखणं, मल्टीमीटर. दहावीपर्यंत मी मोजपट्टीशिवाय काही हातात धरलं नव्हतं. व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आयटीआयत पहिल्यांदा पाहिला आणि मला वाटलं पाना आहे. अख्खा वर्ग हसला.

एक कामाची माहिती देऊन गप्प बसतो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, पण आता चार किंवा जास्त माणसांच्या कुठल्याही आस्थापनेला अप्रेंटिस घेता येतो, तीस किंवा जास्त असतील तर घ्यावाच लागतो. अप्रेंटिसच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव भाग, महिन्याला १,५०० पर्यंत, केंद्र सरकार देतं. राज्याच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन ठेवलं होतं. तुमच्यात अठरा माणसं आहेत. आजवर एक तरी अप्रेंटिस घेतलात?

---

काजूवाली, वेंगुर्ले तालुका

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. माफ करा.

वेर्ण्याच्या दादा, तुमचं वाचून दोन दिवस तोंड कडू होतं. खरं सांगते. त्या पोराला मी नऊ हजार देणार होते. पीएफ नाही. सोलणाऱ्या बायका किलोवर आहेत, कटिंगच्या रोजावर. अप्रेंटिस एकही नाही, कारण असं काही आम्हालाही घेता येतं हेच ठाऊक नव्हतं. पीलिंग मशीनचा मेकॅनिक कोल्हापूरहून येतो. गेल्या मेमध्ये आला तेव्हा गाडीखर्च, जेवण आणि दीड दिवसाची मजुरी मिळून त्याने जे नेलं ते माझी सोलणारी बाई तीन आठवड्यांत कमवत नाही. वर दोन दिवस मशीन बंद ते वेगळंच. पैज तुम्ही जिंकलात.

"मग त्या बाईला जास्त दे ना" असं कुणी म्हणेल. देईन म्हणते, पण बी आफ्रिकेची स्वस्त येते, गराचा भाव बाजार ठरवतो, मधे मी. हे रडगाणं इथे नको. दिवाळीनंतर एक आयटीआयचा पोरगा अप्रेंटिस म्हणून घ्यायचं नवऱ्याने कबूल केलंय. नवऱ्याने म्हणजे मीच, पण त्याला वाटू दे.

आता शाळेचं. गुरुजींचं आणि ट्रेनर सरांचं ऐकून बेत बदलला. सोलणं काढून टाकलं. टरफलातलं तेल लागलं की कातडी सोलवटते, मुलांच्या हाताला ते लावून देणं बरोबरही नव्हतं. मुख्याध्यापकांनी बुधवारचे शेवटचे दोन तास सलग दिले, आठवीचा अख्खा वर्ग. कुणी घरचा डॉक्टर, कुणी घरचा मजूर, सगळे.

पहिल्या बुधवारी मी बी नेलीच नाही. सोललेला गर नेला, दोन पिशव्या, ग्रेड न सांगता. विचारलं, ह्यातला महाग कुठला आणि का? मग सांगितलं की डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर, डब्ल्यू-२४० म्हणजे दोनशेवीस ते दोनशेचाळीस. आकडा लहान तितका गर मोठा आणि दर जास्त. पौंड म्हणजे चारशे चोपन्न ग्रॅम. एवढे मोजत बसायला वेळ नाही, तर अर्धा पौंड घ्या, दोनशे सत्तावीस ग्रॅम, आणि दुप्पट करा.

मोजता मोजता खाल्ले मेल्यांनी. एका गटाचे नव्वद भरले. मी म्हटलं, एकशेऐंशीचा ग्रेड झाला की, एवढा मोठा गर कुठल्या झाडाचा? सगळे हसले. मग मी फळ्यावर लिहिलं: खाल्लेले किती? त्याची घट किती टक्के? पुन्हा वजन केलं, किती ग्रॅम गेले ते काढलं. घट, उतारा, टक्के कशाचे, हे सगळं त्या चोरीतून निघालं. असं मला ठरवून शिकवता आलं नसतं.

दुसऱ्या पिशवीवर मी स्वतः "३२०" म्हणाले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई माझ्याकडेच सोलायला येते, हे मला तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. गर तळहातावर घेऊन म्हणाली, "काकी, ह्यो तीनशेवीस नाय. ह्यो दोनशेचाळीस हा." मोजले. अर्ध्या पौंडात एकशेअठरा. दुप्पट दोनशेछत्तीस. ती बरोबर होती. घरी आईच्या बोटांतून बघून बघून आलेली नजर. मी पंधरा वर्षं धंद्यात आहे, आणि पिशवीवर चिठ्ठी चुकीची लावून आणली होती.

गुरुजी, तेव्हा तुमचं ते वाफ्याचं आठवलं. तिला मी सगळ्यांसमोर शाबासकी द्यावी की नको, क्षणभर सुचेना. आईचं नाव घेतलं तर तिला बरं वाटेल की ओशाळेल? शेवटी नुसतं म्हटलं, "चिठ्ठी तूच बदल." तिने बदलली.

पुढच्या बुधवारी ते पाचशे सत्त्याहत्तरचं गणित. खरी पावती, खरा उतारा. त्यानंतर गावातला वायरमन येणार आहे, मल्टीमीटर घेऊन. तासाला तीनशे रुपये ठरलेत, समितीच्या पैशांतून, आणि खुर्चीचंही सांगितलंय. मालवणच्या दादांनी लग्नाचं विचारलं होतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझीही मोठी मुलगी आहे, आणि बोटवाल्याचं स्थळ आलं तर मी काय म्हणेन ते मला माहीत आहे, म्हणून गप्प बसते.

एक अडचण आहे. शाळेचा वजनकाटा दहा ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, दोनशे सत्तावीसला तो दोनशेतीस म्हणतो. त्या दिवशी मी कारखान्यातला नेला होता, पण दर बुधवारी तो इथून हलवला तर इकडचं ग्रेडिंग थांबतं. कुणाकडे एक ग्रॅमवर चालणारा जुना काटा पडून असेल, सावंतवाडी-कुडाळ भागात, तर कळवा. बॅटरी गेलेला असला तरी चालेल, वायरमन बघेल म्हणाला. नाहीतर मुलंच खोलून बघतील.